युनायटेडची मधली फळी: ब्रूनो खाली येणार, तर शेजारी कोण?

सेंटरहाफ_पेठेतला
शुक्रवार, १३ जून २०२५, रात्री ९.४०

फॉरवर्ड कुन्याचं मँचेस्टर युनायटेडमध्ये येणं काल अधिकृत झालं. वुल्व्ह्‌जला सव्वासहा कोटी पौंड, करार २०३० पर्यंत. गेल्या मोसमात खालच्या अर्ध्यात झगडणाऱ्या संघाकडून लीगमध्ये १५ गोल मारलेला खेळाडू आहे, त्यामुळं आनंद झालाच. पण काल रात्रीपासून डोक्यात एक प्रश्न घोळतोय, तो मांडल्याशिवाय चैन पडणार नाही. कुन्या आला, तर आपला कॅप्टन ब्रूनो खेळणार कुठं?

युरोपा लीगची बिल्बाओची फायनल, टॉटेनहॅम म्हणजे स्पर्सविरुद्धची, आम्ही तालमीच्या खोलीत बघितली. रात्री साडेबाराची मॅच, बाहेर वळवाचा पाऊस, आत वीस-पंचवीस पोरं आणि भिंतीवर प्रोजेक्टर. ४२ व्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनचा तो अडखळत गेलेला गोल झाला आणि खोली चिडीचूप झाली. त्यानंतर मी बॉल बघणं सोडलं आणि फक्त ब्रूनोला बघत बसलो. तो आमच्या तीन बॅकच्या जवळ येऊन बॉल घ्यायचा, मान वर करायचा आणि पुढं बघायचा. एरवी तो स्वतः ज्या जागेत उभा असतो, स्पर्सच्या हाफ (मधली फळी) आणि बॅकच्या मधल्या त्या पट्ट्यात, तिथं कुणीच नसायचं. मग बॉल बाजूला डोर्गूकडं, नाहीतर मॅझ्राउईकडं, तिथून क्रॉस, आणि क्रॉस स्पर्सच्या डोक्यावर. अर्धा तास हेच चाललं होतं. पास देणारा तोच, आणि पास घ्यायला जिथं माणूस पाहिजे होता तिथला माणूसही तोच. एका माणसानं दोन्हीकडं कसं असायचं?

त्या दिवशी मधे कासेमिरो आणि ब्रूनो होते, पुढं स्ट्रायकरच्या मागच्या दोन जागांवर, म्हणजे दहा नंबरच्या, अमाद आणि माउंट. उगार्टे बाकावर, आणि मेनू आला तो अगदी शेवटी.

आपला कोच अमोरिमची रचना ३-४-२-१ आहे. चौघांतले दोघं कडेला विंगबॅक, म्हणजे मधे दोघंच. समोरचा तीन मिडफिल्डर घेऊन उतरला की मधे आपण एकानं कमी. ती कमतरता भरायची तर बाजूच्या सेंटर बॅकनं धाडस करून पुढं यावं लागतं, नाहीतर दहा नंबरवाल्या दोघांपैकी एकानं खाली उतरावं लागतं. पुढं येऊन बॉल तोडणारा बॅक आपल्याकडं लिसांद्रो होता. फेब्रुवारीत क्रिस्टल पॅलेसविरुद्ध त्याचा गुडघा गेला आणि ती वाट बंद झाली. मग खाली कोण उतरणार? ब्रूनो. तेव्हापासून तो खालीच आहे.

आता पुढचं बघा. कुन्या एका दहाच्या जागेवर खेळणार. ब्रेंटफर्डच्या एम्ब्युमोसाठी बोलणी चालू आहेत, त्यानं लीगमध्ये २० गोल मारलेत, तो आला तर दुसऱ्या जागेवर. अमाद आहेच. म्हणजे ब्रूनो कायमचा मधल्या दोघांत. सौदीच्या अल-हिलाल क्लबला त्यानं नाही म्हटलं, त्याबद्दल त्याचे उपकार मानायला पाहिजेत. पण सप्टेंबरमध्ये तो ३१ चा होईल. त्याला खाली खेळवायचं तर त्याच्या शेजारी असा माणूस पाहिजे, जो त्यानं सोडलेली जागा धावून भरेल, एकटा पडला तरी बॉल गमावणार नाही आणि आठवड्याला आठवडा उभा राहील. ही तिन्ही कामं एकत्र करणारा माणूस आज आपल्याकडं नाही. कासेमिरोकडं डोकं आहे, पण पाय ३३ वर्षांचे. उगार्टेकडं पाय आहेत. मेनूकडं बॉल आहे. एरिक्सन गेला. कॉलियर अजून कोवळा आहे.

माझं म्हणणं असं की पुढचा पैसा मधल्या फळीत घालायला पाहिजे, स्ट्रायकरच्याही आधी. तुमचं मत सांगा.

रंकाळा_रेड
शुक्रवार, रात्री १०.१५

भावा, काय बोलालायस? ३८ मॅचमध्ये ४४ गोल. पंधरावा नंबर, ४२ गुण, १८ पराभव. पहिला स्ट्रायकर. फायनलमध्ये आपल्या होय्लुंडनं डोक्यानं मारलेला तो बॉल स्पर्सच्या व्हॅन द व्हेननं गोललाइनवरून हवेत झेप घेऊन काढला, होय्लुंडच्या जागी तयार स्ट्रायकर असता तर आज आपण चॅम्पियन्स लीगच्या गप्पा मारत असतो. यंदा युरोपातली स्पर्धाच नाही आणि तू म्हणतोस मधे माणूस घ्या.

सेंटरहाफ_पेठेतला
शुक्रवार, रात्री १०.३२

स्ट्रायकर पाहिजेच, माझा वाद क्रमाचा आहे. ४४ गोल मारले हे खरं, पण ५४ खाल्लेसुद्धा. आणि त्यातले किती गोल एकाच पद्धतीनं झाले आठव. आपला पास मधे तुटतो, मधले दोघं पुढं सापडलेले, बॅक एकटे. बॉल स्ट्रायकरपर्यंत पोचतच नाही, तर तिथं कुणालाही उभा कर. होय्लुंड कितीतरी मॅचमध्ये वीस-वीस मिनिटं बॉलला शिवायचा नाही. त्यात त्याचा दोष किती आणि मागच्यांचा किती, हे बघायला पाहिजे.

जुनी_जर्सी
शनिवार, १४ जून, सकाळी ७.०५

तुमचा धागा रात्रीच वाचला. मी शाहू स्टेडियमवर बरीच वर्षं हाफला खेळलोय, आता सकाळी पोरांना शिकवतो. त्यामुळं माझं बोलणं मैदानातलं, टीव्हीतलं नव्हे.

मधे दोघं खेळवायचे म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या वेळी सगळ्यांना हाफ म्हणजे तंगड्या तोडणारा गडी वाटायचा. प्रेक्षकसुद्धा टॅकल झाली की ओरडायचे. पण हाफचं खरं काम बॉल यायच्या आधी असतं. मी पोरांना एकच व्यायाम रोज देतो. बॅककडून पास निघाला की बॉल पायात यायच्या आत दोनदा मान फिरवायची, एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या. मी मागं उभा राहून बोटं दाखवतो, आणि बॉल घेताना त्यानं आकडा सांगायचा. पहिल्या आठवड्यात दहातली आठ पोरं आकडा चुकतात, कारण नजर बॉलला चिकटलेली असते. महिन्याभरानं ज्याचा आकडा बरोबर यायला लागतो, तो हाफ होणार हे मला कळतं. बाकीचे चांगले धावणारे होतात, टॅकल करणारे होतात. हाफ होत नाहीत.

आता उगार्टेकडं बघा. पोरगं प्रामाणिक आहे, जीव काढून धावतं, त्याच्यासारखी टॅकल आज फार थोडे करतात. पण बॅककडून पास घेताना त्याचं तोंड आपल्याच गोलकडं असतं. मागं माणूस आहे की नाही याचा अंदाज नसल्यामुळं तो बॉल आला तसा परत देतो. परत दिला की समोरचे पुढं चढतात. आणखी एकदा परत, ते आणखी चढतात, आणि शेवटी गोलकीपरला लांब मारावा लागतो. तिथं बॉल जातो, आणि आपण म्हणतो की स्ट्रायकर काही करत नाही.

पॅरिसनं (पीएसजी) त्याला एका वर्षात का सोडला? त्यांच्याकडं आता व्हिटिन्या, जोआव नेव्हेस आणि फाबियान आहेत. त्यातले पहिले दोघं उंचीनं आपल्या पोरांएवढेच. ३१ मेला म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलला इंटरला ५-० नं हरवलं, ते बघितलं असेल. व्हिटिन्याची मान बघितली का कुणी? घड्याळाच्या लंबकासारखी चालू असते. पोर्तुगालमध्येही ब्रूनोच्या शेजारी तोच असतो, म्हणून तिथं ब्रूनो मोकळा वाटतो.

२००६ मध्ये कॅरिक आला तेव्हा आम्ही नाकं मुरडली होती. आपल्या जुन्या कॅप्टनचा, रॉय कीनचा १६ नंबर या शांत माणसाला दिला म्हणून चिडलो होतो. बारा वर्षं खेळला, पाच लीग जिंकल्या. आणि त्याच्या किती टॅकल आठवतात तुम्हाला? मला एकही आठवत नाही. मला आठवतो तो त्याचा सरळ, जमिनीवरून, दोघांच्या मधून गेलेला पास. २०१८ ला तो थांबला. त्याची जागा आजही मोकळी आहे.

कोबी_३७
शनिवार, सकाळी ९.२०

काका, पाया पडतो. हे सगळं ज्याच्याकडं आहे तो आपल्या घरातच आहे की! मेनू. पाठीवर माणूस घेऊन बॉल घेतो आणि वळतो. २०२४ च्या एफए कप फायनलमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध गोल मारला, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. युरोपा लीगमध्ये लियॉनविरुद्ध १२० व्या मिनिटाला त्यानं काय केलं बघा. सगळे घाई करत होते, आणि त्या गर्दीत हा एकटा थांबला, बॉल उजव्या पायावर घेतला आणि कोपऱ्यात ठेवला.

आणि अशा पोराला आपण कधी दहा नंबरला, कधी पॅलेसविरुद्ध चक्क स्ट्रायकरच्या जागी खेळवलं. त्याला त्याच्या जागेवर खेळवा, बाहेरून काही आणायची गरज नाही. माझं वय त्याच्याएवढंच आहे. पोरगं क्लबच्या शाळेतून, अकादमीतून वर आलंय, त्याला विकायच्या बातम्या वाचल्या की अंगाचा तिळपापड होतो.

ताळेबंद
शनिवार, सकाळी ११.००

त्या बातम्यांमागचं गणित सांगतो, कारण ते कळलं नाही की नुसती चिडचिड होते.

लीगच्या नियमानुसार क्लबला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंड तोटा दाखवता येतो. खेळाडू विकत घेतला की त्याची किंमत एकदम खर्ची पडत नाही, कराराच्या वर्षांत वाटली जाते, जास्तीत जास्त पाच वर्षांत. कुन्याचे सव्वासहा कोटी म्हणजे हिशेबात वर्षाला सव्वा कोटी. पण विकताना उलटं. विकत घेतलेला खेळाडू विकला तर पुस्तकात त्याची जेवढी किंमत उरली असेल ती वजा होते आणि उरलेला फायदा. अकादमीतल्या पोराची पुस्तकी किंमत शून्य, त्यामुळं त्याचा आलेला प्रत्येक पौंड त्याच वर्षी फायद्यात धरला जातो.

आपल्या अकादमीतला मॅक्टॉमिनी असाच गेला. इटलीच्या नापोलीनं त्याला घेतला, त्यांच्या कोच कॉन्तेनं पुढं घुसायची मोकळीक दिली, त्यानं लीगमध्ये १२ गोल केले, कालियारीविरुद्ध शेवटच्या मॅचला हवेत कात्री मारून गोल केला, नापोली चॅम्पियन आणि तो सेरी आचा, म्हणजे इटालियन लीगचा, सर्वोत्तम खेळाडू. वहीत ती विक्री फायद्याची होती.

यंदा युरोपचं उत्पन्न नाही. २०१४-१५ नंतर पहिल्यांदाच पूर्ण मोसम युरोपशिवाय. त्यामुळं आधी विक्री, मग खरेदी. रॅशफर्ड, अँटनी, सँचो, गार्नाचो यांचं काय होतं त्यावर मधला माणूस येणार की नाही हे ठरेल. यात रॅशफर्ड आणि गार्नाचो अकादमीतले, म्हणजे वहीच्या दृष्टीनं तेच जड. मेनूला हात न लावता पैसा उभा करायचा असेल तर या चौघांची गिऱ्हाईकं लवकर मिळायला पाहिजेत. खरेदी-विक्रीची मुदत संपायची, म्हणजे १ सप्टेंबरची वाट बघत बसलो तर भाव पडणार, बाजारात संध्याकाळी कोथिंबिरीचा पडतो तसा.

डावी_बॅक
शनिवार, दुपारी १.४५

मी कॉलेजच्या संघात लेफ्ट बॅक खेळते. उगार्टेबद्दल थोडं बोलायचं आहे, कारण सगळे त्याच्यावर तुटून पडलेत.

जुनी_जर्सी काका, मान फिरवण्याचं तुमचं पटलं. पण डिसेंबर-जानेवारीत त्याच्या शेजारी कोण होतं ते बघा. कधी एरिक्सन, कधी दमलेला कासेमिरो, कधी आजारातून-दुखापतीतून उठलेला कुणी. म्हणजे शेजारच्याचं धावणंही यालाच करावं लागायचं. मी मागून बघते तेव्हा मला हे लगेच कळतं. माझ्या पुढची हाफ उशिरा परत आली की सेंटरची हाफ माझ्या बाजूला ओढली जाते, मग मधे भगदाड पडतं आणि लोक म्हणतात सेंटर हाफ जागेवर नव्हती. ती माझी जागा झाकायला आलेली असते. लियॉनविरुद्ध पहिला गोल उगार्टेचाच होता, ते कुणी काढत नाही.

दादा, तुम्ही म्हणता ब्रूनोच्या शेजारी माणूस आणा. मला वाटतं ब्रूनोला खाली आणायचंच नाही, हा पर्याय आधी तपासायला पाहिजे. मेनू आणि उगार्टे मधे, ब्रूनो आणि कुन्या पुढं. एकाकडं बॉल, एकाकडं पाय. मग एम्ब्युमोचे पैसे वाचतील, तेच मधे घाला. वाचलेल्यात गोलकीपरही बसला तर आणखी बरं.

कॉप_कोल्हापूर
शनिवार, दुपारी ३.३०

मी लिव्हरपूलवाला. शिव्या खायची तयारी ठेवून आलोय, पण आमचं उदाहरण तुमच्या कामाला येईल असं मनापासून वाटतं.

२०२३ च्या उन्हाळ्यात आमची अख्खी मधली फळी गेली. मिल्नर, केइटा, ऑक्सलेड-चेंबरलेन करार संपून, आणि हेंडरसन, फाबिन्यो सौदीला. आम्ही चौघं घेतले, मॅक अॅलिस्टर, सोबोस्लाई, एन्डो आणि ग्रावेनबर्ख. कायसेडो आणि लाव्हिया दोघांनी चेल्सी निवडली. गेल्या उन्हाळ्यात सुबिमेन्दीनं नाही म्हटलं, तेव्हा आमच्यातले कितीतरी जण म्हणत होते की सहा नंबर, म्हणजे बॅकच्या पुढं उभा राहणारा मिडफिल्डर, नसताना मोसम कसा काढायचा. आमच्या कोच स्लॉटनं ग्रावेनबर्खला तिथं लावला. तो काही बॉल तोडणारा म्हणून ओळखला जात नव्हता, उंच आणि वळून पुढं पळणारा. त्याच वळण्यावर आमचं सगळं सुरू व्हायला लागलं. विसावी लीग आली.

तुमच्यासाठी यातले मुद्दे दोन. एक, बाहेरून आणायचा माणूस मिळाला नाही तरी घरातल्याला नीट जागा दिली तर तो उभा राहू शकतो, आणि मेनू मला तसाच वाटतो. दुसरं म्हणजे आमच्याकडं मधे तिघं आहेत, तुमच्याकडं दोघंच. ग्रावेनबर्खच्या दोन्ही बाजूंना मॅक अॅलिस्टर आणि सोबोस्लाई धावतात म्हणून त्याचं वळणं खपतं. दोघांच्या रचनेत मेनूनं बॉल गमावला तर मागं कोण? हा प्रश्न अमोरिमला सोडवावाच लागेल.

सेंटरहाफ_पेठेतला
शनिवार, रात्री ८.१०

कॉपवाल्या, शिव्या नाहीत, उलट चहा पाजतो. दुसरा मुद्दा नेमका आहे. मी तेच म्हणतोय, दोघांच्या रचनेत एक-एक खेळाडू मोजून चालत नाही, जोडी मोजावी लागते.

आज दुपारभर अमोरिमच्या आधीच्या क्लबातल्या, पोर्तुगालच्या स्पोर्टिंगमधल्या जोड्या काढून बघत बसलो होतो. २०२०-२१ ला १९ वर्षांनी लीग जिंकली तेव्हा पालिन्या बॉल तोडायला आणि त्याच्या शेजारी जोआव मारिओ, बॉल सांभाळणारा, वेग कमी-जास्त करणारा. पालिन्या गेला, दुसरा मिडफिल्डर नुनेसही गेला, मग २०२२-२३ ला उगार्टे आणि मोरिता. चौथा नंबर. उगार्टे पॅरिसला गेला, त्या जागी इटलीच्या लेच्चेकडून युलमंडला आणलं, शेजारी तोच मोरिता, आणि २०२३-२४ ला पुन्हा चॅम्पियन. युलमंड टॅकलही करतो, पण मुख्य म्हणजे पास घेताना अंगानं अर्धा वळलेला असतो, त्यामुळं पहिल्याच स्पर्शात पुढं बघतो. अमोरिम स्वतः बेनफिकाचा मिडफिल्डर होता, त्याला हा फरक कळत नसेल असं मी मानत नाही.

डावी_बॅक ताई, तुमचं उगार्टेबद्दलचं मी मान्य करतो. शेजारी धावणारा नव्हता. पण ब्रूनोला पुढं आणि कुन्याला पुढं ठेवलं, तर अमादला काय करणार? त्याला उजव्या विंगबॅकला टाकलं की तो अर्धा खेळाडू होतो. डोकं खाजवून बघितलं, सगळ्या वाटा ब्रूनोला खालीच घेऊन येतात. म्हणून माझा हट्ट शेजारच्या माणसाचा.

रंकाळा_रेड
शनिवार, रात्री ८.४०

भावा, २०२३-२४ ला स्ट्रायकर योकेरेसही आला होता. चॅम्पियन युलमंडमुळं झाले की योकेरेसमुळं? माझ्या बाजूनं पुरावा दिलास बघ.

सेंटरहाफ_पेठेतला
शनिवार, रात्री ८.५५

दोघांमुळं. आणि तुझा मुद्दा बरोबर आहे, योकेरेस नसता तर लीग मिळाली नसती. पण योकेरेसला बॉल कुठून यायचा ते बघ. बहुतेकदा मधून, धावतानाच, लांब पळायला जागा असताना. स्थिर उभ्या स्ट्रायकरला विंगवरून टाकलेले क्रॉस नव्हते ते.

जुनी_जर्सी
रविवार, १५ जून, सकाळी ६.५०

पाऊस लागलाय, प्रॅक्टिस नाही, म्हणून लिहितो.

स्ट्रायकर आधी की हाफ आधी, हा वाद आमच्या पेठांत माझ्या तरुणपणापासून ऐकतोय. एका वर्षी आम्ही ज्या संघात खेळायचो तिथं वर्गणी चांगली जमली. सगळ्यांचं एकमत झालं, बाहेरचा फॉरवर्ड आणायचा. आणला. देहानं दणकट, फटका असा की गोलकीपर हात आखडून घ्यायचा. पहिल्या दोन मॅचला स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. तिसऱ्या मॅचपासून समोरच्यांनी साधी गोष्ट केली. त्याला मार्क करायच्या ऐवजी त्याच्याकडं बॉल देणाऱ्या आमच्या हाफला दोघं चिकटवले. तो हाफ मी होतो. अख्खी मॅच मला वळायला जागा मिळाली नाही. फॉरवर्ड हात वर करून उभा, मी पाठ करून उभा, आणि गॅलरीतून दोघांनाही बोल. मोसमाअखेरीस तो माणूस निघून गेला. शेजारी एक साधा, बॉल धरणारा पोरगा मिळाला असता तर त्याच फॉरवर्डनं पंधरा गोल मारले असते, हे मला आजही वाटतं. त्या उन्हाळ्यात मैदानाच्या कडेला बसून मी खूप विचार केला होता.

म्हणून मी सेंटरहाफच्या बाजूचा. पण त्याच्या यादीत एक दुरुस्ती. ‘बॉल तोडणारा’ आणू नका. तोडणारा उगार्टे आहे, तो राहू द्या, शेवटच्या अर्ध्या तासाला आघाडी राखायला त्याच्याइतका चांगला नाही. आणायचा तो बॉल घेऊन स्वतः वीस पावलं पळणारा. समोरचे तिघं अंगावर आले की पास शोधण्यापेक्षा एकाला चकवून निघून जाणारा. एकाला मागं टाकला की तिघांविरुद्ध दोन राहत नाहीत, दोघांविरुद्ध दोन होतात.

कोबी_३७
रविवार, सकाळी ८.३०

काका, मग ब्रायटनचा बालेबा? २१ वर्षांचा, कॅमेरूनचा. लीलकडून आला तेव्हा पोरगाच होता. डावखुरा, अंगानं मजबूत आणि तुम्ही म्हणता तसा बॉल घेऊन पळतो.

जुनी_जर्सी
रविवार, सकाळी ९.०५

बघितलाय. हो, तसाच पाहिजे. पास अजून कच्चा आहे, पण ती गोष्ट वयाची. पळणं शिकवता येत नाही.

ताळेबंद
रविवार, सकाळी १०.१०

ब्रायटन स्वस्तात सोडणार नाही, हे लिहून ठेवा. कायसेडोला त्यांनी दहा कोटींच्या वर विकलाय. घाई नसलेला विकणारा आणि गरज उघडी पडलेला घेणारा, असा सौदा आहे. इटलीतल्या अटलांटाचा मिडफिल्डर एदेर्सन किंवा युलमंड, दोघंही पंचविशीत, त्यांची किंमत त्या मानानं आवाक्यात असेल. युलमंडला अमोरिमची पद्धत शिकवायला नको, तो वेळ वाचतो. यंदा युरोप नसल्यामुळं आठवड्याला बहुतेक एकच मॅच, म्हणजे मधे सहा जणांची फौज नको. चार पुरतात. पण ते चार खरे पाहिजेत.

डावी_बॅक
रविवार, दुपारी १२.२०

एकच मॅच असल्यामुळं कासेमिरोचाही उपयोग होतो, हे कुणी बोललं नाही. लियॉनविरुद्ध शेवटच्या दोन्ही गोलांचे पास त्याचेच, मेनूला दिलेला आणि मॅग्वायरच्या डोक्यावर टाकलेला. १२० मिनिटं खेळून झाल्यावर एवढ्या शांतपणे बॉल ठेवणारा माणूस बाकावर असला तरी पाहिजे. त्याचा करार पुढच्या उन्हाळ्यात संपतो. हे एक वर्ष त्याला मेनूच्या शेजारी सरावाला उभा करा. पोरगं जे शिकेल ते विकत मिळणार नाही.

सेंटरहाफ_पेठेतला
रविवार, दुपारी २.००

काकांची दुरुस्ती मान्य. ताईंचंही मान्य. मी सकाळी लिहिलेली यादी खोडून नवी केली.

मेनूला विकायचं नाही, त्याचा करार वाढवायचा. कासेमिरो एक वर्ष राहणार. उगार्टे राहणार, पण पहिल्या अकरात रोज नाही. बाहेरून एकच माणूस, बॉल घेऊन पळणारा. बालेबा मिळाला तर तोच, भले त्यासाठी एम्ब्युमोचे पैसे वळवावे लागले तरी. नाही मिळाला तर युलमंड. आणि स्ट्रायकर, रंकाळा, तुझ्यासाठी, गार्नाचो आणि रॅशफर्डच्या पैशातून.

मला भीती एकाच गोष्टीची आहे. एम्ब्युमो येईल, मग स्ट्रायकर येईल, फोटो निघतील, जर्सी खपतील, आणि ऑगस्टमध्ये पहिल्या मॅचला मधे पुन्हा कासेमिरो आणि ब्रूनोच उभे दिसतील.

रंकाळा_रेड
रविवार, दुपारी २.२५

तसं झालं तर मी तुझ्या बाजूनं लिहीन, शब्द देतो. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची विंडो उद्या परत उघडतेय. वेळापत्रक बुधवारी, १८ तारखेला. पहिली मॅच कुणाशी आहे ते बघून तालमीत प्रोजेक्टरचं ठरवू. मागच्या वेळी अर्ध्यात वायर सुटली होती, ती आधी बघून घे.

सेंटरहाफ_पेठेतला
रविवार, दुपारी २.३०

नवी वायर आणलीय. काका, तुम्हीही या, पुढची खुर्ची तुमची.